वारकरी, हळदी-कुंकू आणि चोवीस क्विंटल लाल कांदा

रजेच्या अर्जात मी 'घरगुती काम' असं लिहिलं. आमच्या अकाउंट्स विभागात जानेवारीतल्या मंगळवारी 'पक्षी बघायला जायचंय' असं कुणी लिहिलं तर लोक चहाच्या सुट्टीत आठवडाभर त्याच्यावरच बोलतील. तसं ते खोटंही नव्हतं. चिरंजीवांच्या शाळेला गॅदरिंगची सुट्टी होती, त्यांना नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जायचं होतं, आणि त्याच दिवशी दादा लासलगावला कांदा नेणार होता. एक भाचा, एक मामा. यापेक्षा घरगुती काय असतं?

दादाला फोन केला तर तो आधी हसला. "तुला पाखरं बघायला रजा भेटती?"

"भेटत नाही, टाकावी लागते."

"ये मग. पण पाखरं बघून झाली की मार्केटला ये. पोराला बघू दे, कांदा कसा विकतात ते. मॉलमधी पिकतो वाटायचं त्याला."

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, दादा ओरडेल. अभयारण्य तिथून दहा-बारा किलोमीटरवर असेल, पण लग्न होऊन नाशिकला येईपर्यंत मी तिथे पक्षी बघायला म्हणून एकदाही गेले नव्हते. महाशिवरात्रीला मध्यमेश्वराच्या दर्शनाला गेलेय, बैलगाडीतून, पाण्यातून. नांदूर मध्यमेश्वर हे नाव आमच्यासाठी पावसाळ्यातलं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रेडिओवर सांगायचे, नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके हजार क्युसेक विसर्ग. आजोबा तो आकडा ऐकून नदीकाठची मोटार वर काढायची की नाही ते ठरवायचे. पक्ष्यांचा विषयच नव्हता. पक्षी म्हणजे हरभऱ्यात उतरतात ते.

पावणेपाचला नाशिक सोडलं. चांदोरी मागे टाकली आणि धुकं असं बसलं की गाडी तिसऱ्या गिअरच्या वर गेलीच नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि बागांच्या कडेला शेकोट्या. चिरंजीवांना वाटलं लोक शेकत बसलेत. शेकायला माणसं नव्हतीच. पारा फार उतरला की द्राक्षाच्या मण्याला तडे जातात, म्हणून बागेत धूर करतात, पहाटे पाणी सोडतात. निफाडचं नाव हिवाळ्यात पेपरात हमखास येतं ते या थंडीमुळे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा मोजतात, आणि राज्यातला नीचांक निफाडला असं छापून आलं की आम्हाला उगाच अभिमान वाटतो. (न्यायमूर्ती रानड्यांचा जन्मही निफाडचाच, १८४२ सालचा. शाळेत दर वर्षी सांगायचे. थंडीचा अभिमान जास्त टिकला.)

दादाच्या घरी पोचलो तर तो ट्रॅक्टर घेऊन निघायच्या तयारीत. ट्रॉलीवर ताडपत्री, डोक्याला मफलर, त्यावर टोपी. वहिनींनी उभ्याउभ्या चहा दिला आणि निघताना दादाची मोठी बॅटरी माझ्या हातात कोंबली. "दोन्हीकडं ऊस आहे. गाडीतून उतरायच्या आधी मारा उजेड. आणि पोराला पुढं पळू देऊ नका." बिबट्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. आमच्याकडे अंधारात घेत नाहीत.

चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्याजवळ गेलो तेव्हा फटफटलं होतं. गावातलाच एक मुलगा गाईड म्हणून मिळाला, तिपाईवरची मोठी दुर्बीण खांद्यावर घेऊन. बारावी झालाय, सकाळी पाहुण्यांना पक्षी दाखवतो आणि दुपारी घरची शेती. त्याच्याकडून जे कळलं आणि मला आधीपासून जे माहीत होतं, त्याची सांगड त्या मनोऱ्यावर पहिल्यांदा बसली.

गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हा बंधारा बांधला. इथून निघणारे गोदावरीचे डावे-उजवे कालवे पार कोपरगाव-राहात्याकडे जातात. म्हणजे बांधला तो उसाला आणि गव्हाला पाणी मिळावं म्हणून. पण दोन नद्यांनी शंभर वर्षं गाळ आणून टाकला आणि जलाशय उथळ झाला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटा, साठवण कमी झाली. पक्ष्यांच्या हिशेबात मात्र सगळी जमा. पाणी गुडघाभर, मध्ये बेटं, कडेला गवत आणि पाणकणीस, तळाला किडे, शिंपले, कंद. खोल धरणात बदकाला मिळत नाही ते सगळं इथे. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, आणि २०१९ साली हीच जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. माझा व्यवसाय जमा-खर्चाचा. एकाच नोंदीची दोन वह्यांत दोन बाजूंना अशी पडताळणी मी पूर्वी पाहिली नव्हती.

धुकं वर सरकलं तसं पाणी काळं दिसायला लागलं. मला वाटलं जलपर्णी. तीही होतीच, दूर एका कडेला हिरवीगार, आम्हा नाशिककरांची देणगी. आमच्या शहराचं सांडपाणी गोदेत उतरतं आणि त्यावर ही पाणवेल पोसून खाली सायखेड्या-चांदोरीपर्यंत आणि पुढे इथवर येते. पण काळं होतं ते हलत होतं. शेकडो पक्षी. काळं अंग, आणि कपाळावर पांढरा ठिपका, चोचीपासून वर चढत गेलेला.

"वारकरी," गाईड म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग दुर्बिणीतून पाहिलं आणि मनापासून हसले. गोपीचंदनाचा टिळा! आणि चाल पण तीच. एक निघाला की त्याच्या मागे दुसरा, मग सगळेच. कुणी ठेवलं असेल हे नाव, त्याने पक्षी पण पाहिला होता आणि दिंडी पण.

चिरंजीव वहीत भराभर लिहीत होते. थापट्या, म्हणजे खोऱ्यासारख्या चोचीचं बदक, पाण्यावर चोच घासत गोल गोल फिरतं. तलवार बदक, शेपटी टोकदार. शेकाट्या, तांबड्या काड्यांच्या पायांचा, स्वतःच्याच उंचीने अवघडल्यासारखा. टिबुकली, दिसली म्हणेपर्यंत बुडालेली. गवतात जांभळ्या पाणकोंबड्या, एका पायात देठ धरून सोलून खाणाऱ्या, ताटलीत चमचा धरल्यासारख्या. जांभळा रंग असा की पैठणीवाल्याने त्यावरून सूत रंगवावं. येवला इथून लांब नाही.

आणि हळदी-कुंकू. हे माझं आवडतं झालं. मातकट ठिपक्यांचं साधं बदक, कोणी वळूनही पाहणार नाही. पण काळ्या चोचीच्या टोकाला पिवळं बोट लावलेलं आणि मुळाशी दोन्हीकडे तांबडा ठिपका. संक्रांत नुकतीच झाली होती, रथसप्तमीपर्यंत सोसायटीत रोज कुणाकडे तरी हळदी-कुंकू, आणि वाण म्हणून मिळालेले प्लॅस्टिकचे सात डबे माझ्याकडे आधीच जमलेत. ही बाई इथे पाण्यात काहीही वाण न लुटता फिरत होती. बरं वाटलं.

मध्येच दलदली भोवत्या आला. तपकिरी शिकारी पक्षी, पंख किंचित वर धरून गवताच्या अगदी टोकांवरून जातो. तो नुसता वळला आणि सगळे वारकरी एकदम एकमेकांना खेटले, पाण्यावर पाय आपटत. एवढा मोठा आवाज, जसा पत्र्यावर पाऊस. भोवत्याने काही पकडलं नाही. दोन घिरट्या घालून गेला. वारकरी पाच मिनिटांत पुन्हा पांगून खायला लागले.

तेवढ्यात एक मोठी गाडी आली, चार-पाच जण वर चढले, "फ्लेमिंगो कुठायत?" असं विचारलं. आज नाहीत म्हटल्यावर सेल्फी काढून दहा मिनिटांत उतरले. मला त्यांचा राग आला नाही, खरं सांगते. आपणही जिथे जातो तिथे असंच करतो. पण गाईडचा चेहरा बघून वाईट वाटलं. हॉटेलात जेवण सगळं छान झालंय आणि गिऱ्हाईक विचारतंय पिझ्झा आहे का, तसा.

क्रौंच आम्हाला उतरल्यावर दिसले. दिसायच्या आधी ऐकू आले, वरून, कुणीतरी गळ्यात पाणी घेऊन शिंग फुंकतंय असा आवाज. तिरक्या रेषेत पंचवीस-तीस, माना लांब, पाय मागे ताणलेले. ते बघण्यासाठी मी वर मान करून मागे सरकले आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. नवी सँडल. पाय बाहेर आला, सँडल आली नाही. गाईडने हात घालून काढून दिली, आणि चिरंजीवांनी वहीत वेळ टाकून लिहिलं, "क्रौंच, २८. आई पडली." पडले नव्हते. रुतले होते.

त्याच अवस्थेत लासलगाव. विंचूरमार्गे गेलो, तिथूनच कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग लागायला सुरुवात. एका पायात चिखल वाळून पांढरा झालेला, आणि मला वाटत होतं सगळे बघणार. कुणी ढुंकून पाहिलं नाही. तिथे प्रत्येकाच्या पायाला शेत लागलेलंच होतं.

लासलगावचा कांदा बाजार आशियातला सगळ्यात मोठा म्हणून ओळखला जातो. बाजार समिती १९४७ ची, म्हणजे देशाच्याच वयाची. इथे सकाळी निघालेला भाव दुपारपर्यंत देशभरातल्या बाजारांत पोचलेला असतो. लहानपणी वडिलांबरोबर मी एकदाच आले होते. तेव्हा अमावस्येला बाजार बंद असायचा, आणि आम्हाला तीच सुट्टी वाटायची कारण वडील घरी असायचे.

आवारात शिरलं की आधी वास. मग सालं. लाल कांद्याची पातळ गुलाबी सालं सगळीकडे उडत असतात, केसांत, चहात, ट्रॅक्टरच्या सीटवर. पाचशेच्या वर वाहनं उभी असतील, ओळीने, ट्रॅक्टर आणि पिकअप. दादा ट्रॉलीच्या फाळक्यावर बसला होता, पाय खाली सोडून.

लिलाव कसा होतो ते चिरंजीवांना सांगायचं मी ठरवलं होतं, पण सांगायला वेळच मिळत नाही इतक्या पटकन तो होतो. व्यापाऱ्यांचा घोळका ओळीने एकेका ट्रॉलीपाशी येतो. कुणी वरचा कांदा उचलतो, कुणी कोपरापर्यंत हात घालून आतला काढतो, अंगठ्याने साल चोळतो, दाबतो, नाकाशी नेतो, टाकतो. पुकारणारा आकडा सुरू करतो, आणि बोली वर चढते, बोटांवर, मानेच्या हलण्यावर. एक मिनिट नाही लागत. मग एक कागद लिहून शेतकऱ्याच्या हातात, आणि घोळका पुढच्या ट्रॉलीला. रोप टाकल्यापासूनचे चार-साडेचार महिने, आणि निकाल चाळीस सेकंदांत.

"बघ," दादा भाच्याला म्हणाला, "तू पाखरं ओळखतोस ना, तसं हे कांदा ओळखतात. ही गोल्टी, म्हणजे बारीक. हा जोड, आत दोन निघतात. हा डेंगळा, याला फूल आलं होतं, टिकत नाही. तिकडं चमकतोय ना तो सुपर."

"मामा, तुमचा कोणता?"

"माझा मिसळ."

दादाचा नंबर आला तेव्हा साडेअकरा झाले होते. क्विंटलला चौदाशेपासून सुरू झालं, पंधराशे, सोळाशे, सोळाशे एकवीस, आणि सोळाशे एक्कावन्नला थांबलं. मी दादाकडे पाहिलं. त्याने चेहऱ्यावर काहीही न दाखवता कागद खिशात घातला. समोरच्या ट्रॉलीला अठराशे गेले होते. मागच्याला बाराशे. नाही म्हणायचा अधिकार शेतकऱ्याला असतो, लिलाव नामंजूर करून दुसऱ्या दिवशी आणता येतो. पण लाल कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवता येत नाही. उन्हाळ कांदा चांगला वाळवून चाळीत भरला की पाच-सहा महिने थांबतो, भाव बघून काढता येतो. लालला कोंब फुटतो, पाणी सुटतं. त्यामुळे लाल कांद्यावाल्याच्या 'नाही'ला फारसा अर्थ नसतो, आणि हे घोळक्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

पुढे भुईकाटा, म्हणजे ट्रॉलीसकट वजन, मग व्यापाऱ्याचं खळं, जिथे माल उतरवतात. ट्रॉली उलटली की खरी परीक्षा. वर चांगला आणि खाली खराब निघाला तर तिथे वांधा होतो, भाव पाडून मागतात, आवाज चढतात. दादाच्या शेजारच्या पिकअपचा वांधा चालूच होता. दादाचा माल मात्र वरून-खालून सारखाच मिसळ निघाला. चोवीस क्विंटल पस्तीस किलो.

हिशोबपट्टी हातात आल्यावर माझ्यातली अकाउंटंट जागी झाली. २४.३५ गुणिले १६५१, चाळीस हजार दोनशे एक रुपये पंच्याऐंशी पैसे. बरोबर होतं. मी तिथेच मोबाइलवर खर्चाची बाजू मांडायला घेतली. बी, रोप, लागणीची मजुरी, खत, औषध, निंदणी, काढणी, ट्रॅक्टरचं डिझेल. दादा एकेक आकडा सांगत गेला, अगदी शांतपणे, आणि मग म्हणाला, "तुझ्या एक्सेलात रात्री दोनला उठून पाणी भरल्याचा रकाना आहे का?"

नव्हता.

शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात लोक मध्यरात्री मोटार चालू करायला जातात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण विसरले होते, जसं आपण नाशिकला राहून गावाकडचं बरंच विसरतो.

आम्ही आवाराबाहेर मिसळ खायला बसलो. (कांद्याची मिसळ नव्हे. हा विनोद दादाने केला, मी फक्त नोंदवतेय.) चिरंजीवांनी वही काढून मामाला यादी वाचून दाखवली. त्रेचाळीस जाती. बेचाळीस तलावावरच्या आणि त्रेचाळीसावी चिमणी, बाजार समितीच्या भुसार विभागातली, मक्याच्या ढिगावर. एवढ्या चिमण्या त्याने एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या. मामाने सगळं ऐकलं. क्रौंचपाशी थांबवलं.

"हे लांब मानेचे, करकोचे? पहाटे येतात ते?"

"करकोचा वेगळा मामा. हे क्रौंच."

"हरभऱ्याला काय फरक पडतो?"

चिरंजीव गप्प. मग त्याने विचारलं, "मामा, तुम्ही काय काय पाहिलंय?"

दादाने पाव मोडला. म्हणाला, मागच्या महिन्यात उन्हाळ कांद्याच्या लागणीला पाणी भरत होतो. वाफ्यातून पाणी पुढे सरकतंय का बघायला बॅटरी मारली, तर बांधावर दोन डोळे. कोल्हा वाटला. मग उजेड जरा वर घेतला तर डोळ्यांच्या मागे अंग संपेचना. "मी तिथंच. ते पण तिथंच. ते पाणी पीत होतं, वाफ्यातलं. माझंच पाणी."

"मग?"

"मग काय. पिऊन झाल्यावर उसात गेलं. मी बॅटरी चालूच ठेवली. मोटार बंद करायला मात्र उजाडल्यावर गेलो. वाफा फुटला तेवढा."

वहिनींना हे सांगितलेलं नव्हतं. मला डोळ्यांनीच दटावलं, बोलू नकोस म्हणून.

बाहेर पडताना दादाने ट्रॉलीतून बाजूला काढून ठेवलेली गोणी माझ्या डिकीत टाकली. निवडलेला कांदा, त्यात एकही डेंगळा नाही. म्हणजे त्याच्या मालातला सुपर माझ्याकडे आला आणि मिसळ बाजारात गेली. यावर मी काही बोलले असते तर त्याने गोणी उतरवून घेतली नसती, फक्त रागावला असता.

परतीच्या वाटेवर चिरंजीव झोपले. यादीत शेवटी पेन्सिलने लिहिलेलं होतं, "४४. बिबट्या (मामा)". आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह, कारण नियम असा की स्वतः पाहिलेलंच मोजायचं.

नाशिकला पोचून गोणी काढताना तिच्याखाली बॅटरी सापडली. दादाची. पहाटे वहिनींनी दिलेली, मी चिखलाच्या नादात डिकीत टाकलेली. लगेच फोन केला.

"राहू दे," तो म्हणाला, "पुढच्या वेळी आण. मोबाइलला उजेड आहे."

"आज रात्रीची पाळी आहे ना?"

"बाराची. झोप तू."

झोपले नाही. साडेबाराला फोन लावला, उचलला नाही. पाऊणला लावला, उचलला नाही. एक वाजून दहा मिनिटांनी त्याचाच आला. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"काय गं? हात चिखलात होते. काय झालं?"

"काही नाही. वारकरी म्हणजे ते काळं पाखरू, कपाळावर टिळा असलेलं. तुला सांगायचं राहिलं होतं."

"त्यासाठी एक वाजता?"

"हो."

"बरं," दादा म्हणाला. "ठेव आता, वाफा भरला."